पाद्रीसाहेबांची प्रत, सुलट बांधून

२ जून १९५८, सोमवार
लायब्ररियन वेंकोबारावांनी आज जाहीर केलं. पाद्रीसाहेबांनी मद्रास सोडताना दिलेल्या हिब्रू पुस्तकांचा वेगळा विभाग निघणार. प्रमुख मी किंवा चंद्रमौळी. दोघांनी तीस तारखेला बायबलातल्या ‘हेसेद’ या हिब्रू शब्दावर दहा मिनिटं बोलायचं. मी चंद्रमौळीपेक्षा सहा वर्षांनी सीनियर. प्रश्नच नाही. तरी त्याने ऐकताक्षणी वहीत टिपून घेतलं. आगाऊ.
संकल्प : रोज पहाटे दोन तास हिब्रू.

३ जून
उठलो साडेसातला. बायको अंबुजा म्हणते, तीनदा हाक मारली. मारली असेल.

५ जून, गुरुवार
हिब्रू मुळाक्षरं बावीस. आपली त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे निम्मा अभ्यास जन्मतःच झालेला आहे. प्राथमिक पुस्तकाची प्रस्तावना वगळली. प्रस्तावना कोण वाचतं?
चंद्रमौळी आमच्याच घराच्या मागच्या पोर्शनमध्ये राहतो. रोज मोठ्याने पाठांतर करतो, मला ऐकू यावं म्हणून. संध्याकाळी स्वतःचा हिब्रू कोश घेऊन आला, वापरा म्हणाला. हिणवतो मला. घेतला नाही.

९ जून, सोमवार. सकाळी ११
भयंकर चूक पकडली. पाद्रीसाहेबांची हिब्रू बायबलची मोठी प्रत उघडली, तर पहिलं पान शेवटी आणि शेवटचं पहिलं! इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही. चंद्रमौळी रोज ती प्रत वाचतो, त्याच्याही नाही. ताबडतोब बाइंडर सुब्बाला चिठ्ठी दिली : ‘पुस्तक उलट बांधले आहे. पाने उसवून सुलट बांधावे. तातडीचे.’ खाली झोकात सही : राघोत्तमराव.

१४ जून
प्रत आली. लाल कातडं, सोनेरी अक्षरं. आता कुठे पुस्तकासारखं पुस्तक दिसतं. आत्ता बोलणार नाही. तीस तारखेला भर सभेत सांगेन.

१८ जून, बुधवार
हेसेद म्हणजे दया. झालं. उरलेली नऊ मिनिटं काय बोलायचं? एका स्तोत्रात हा शब्द सव्वीस वेळा आहे. कवीजवळ शब्द कमी असावेत.
चंद्रमौळी बसस्टॉपवर म्हणाला, नुसती दया नव्हे. बायबलात एक विधवा सून आहे. माहेरी परतायची मोकळीक असूनही ती सासूला सोडत नाही. तिथे हा शब्द येतो. धरलेलं नातं न सोडणं, असं काहीसं. हे मला का सांगितलं? मी तसं बोलावं आणि त्याने हसावं म्हणून. मी फसणारा नाही.
त्याच्याकडून वांग्याची रसवांगी आली. अंबुजाने तोंडभर कौतुक केलं. मी खाल्ली नाही. फारशी.

२३ जून, सोमवार
चंद्रमौळीला मेमो! वेंकोबारावांनी दार लावून अर्धा तास झाडलं. एका मौल्यवान पुस्तकाची नासधूस केली म्हणे. सभेतूनही नाव कमी. पुस्तकांना जपायला हवं. मी तर उलट बांधलेलीसुद्धा सुधारून घेतो. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघून हसला. निर्लज्ज.
आज जेवण फार छान झालं.

३० जून
जिंकलो. भाषण चार मिनिटांत संपलं, पण मग वेंकोबारावांनी विचारलं, दया आणि हेसेद यांत फरक काय. तोंडातून ती सासू-सून बाहेर आली. टाळ्या. सगळ्यात जोरात चंद्रमौळी वाजवत होता. ढोंगी. गडबडीत बांधणीचं सांगायचं राहिलं. विभाग माझा!

५ जुलै, शनिवार
नव्या टेबलावर सुब्बाने लाल प्रत आणून ठेवली. पुन्हा उलटी! मी त्याच्यावर खेकसलो. त्याने सांगितलं की हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, पुस्तक तिकडूनच उघडतं. चंद्रमौळीने बघितलं आणि पुन्हा उसवायला लावलं. एवढं बोलून त्याने माझी चिठ्ठी टेबलावर ठेवली.
“चंद्रमौळीराव बोलले, मीच चुकलों म्हणून वेंकोबारावांस सांगतों, चिठ्ठी कोणास दाखवूं नको. राघोत्तमरावांस फार वर्षं झालीं, ह्या वेळीं त्यांस मिळूंदे.”
दिवसभर काहीच केलं नाही. खुर्ची माझी, विभाग माझा, आणि हेवा अजून त्याचाच वाटतो आहे. पूर्वीपेक्षा जास्त. त्याच्या जागी मी असतो तर चिठ्ठी घेऊन धावत वेंकोबारावांकडे गेलो असतो.
संकल्प : सोमवारी दहाला वेंकोबारावांना सगळं सांगायचं. चिठ्ठीसकट. नक्की.

७ जुलै, सोमवार. सकाळी ९
पोट बिघडलं आहे. ताकभातसुद्धा नको वाटतो. रजेचा अर्ज लिहिला. चिठ्ठी उशीखाली आहे.
चंद्रमौळी ऑफिसला निघताना दारात थांबला. “स्वस्थ पडा, राघोत्तमराव. अर्ज मी देतों.”
त्याच्याच हाती दिला.