गेटचा संगणक चालू होता

आई, बारा वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि पुढचे अडीच तास मला करण्यासारखं काही नाही. काम चालू आहे, पण ते सर्व्हर करतोय. पडद्यावरचा आकडा पुढे सरकतोय ना, एवढंच मी बघायचं. आत्ता तो चार टक्क्यांवर आहे. तीन वेळा खुर्चीवरून उठून पुन्हा बसले. मग ही फाइल उघडली. मराठीत इतकं सलग मी शाळेनंतर लिहिलेलं नाही. तू मराठीत बोलायचीस आणि मी हिंदीत उत्तर द्यायची, तुझं सगळं आयुष्य असंच गेलं.

तू गेलीस तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे मी पुढे काय झाले ते तुला माहीत नाही. भनपुरीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीचे संगणक मी सांभाळते. ट्रकमध्ये माल चढला की बिल्टी निघते आणि त्या कागदाशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. कुठल्या गाडीत काय आहे, ते कुठे उतरवायचं, कुणी सही केली, हे सगळं एकाच सर्व्हरवर असतं. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मी त्या सगळ्याची पूर्ण नक्कल घेते. इथे त्याला फुल बॅकअप म्हणतात. रोजची छोटी नक्कल फक्त त्या दिवशी बदललेलं उचलते, ती कुणाला जाणवतही नाही. पण ती पूर्ण नकलेवर उभी असते. खालची पूर्ण नक्कल बिघडलेली असेल, तर वर रचलेलं सगळं निरुपयोगी. आमचा प्रोग्रॅम जुना आहे. पूर्ण नक्कल चालू असताना सगळ्यांना त्यातून बाहेर पडावं लागतं. दोन तास चाळीस मिनिटं. पूर्वी दुपारी बारा ही रिकामी वेळ होती, कारण भराई संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालायची. आता रिकामी वेळ अशी उरलेलीच नाही. गुरुवारी बुकिंगवाले हाताने कच्च्या बिल्ट्या लिहितात, गाड्या अडकतात, ड्रायव्हर खिडकीशी येऊन विचारतात. बुकिंगचा मुख्य कारकून मोठ्यांदा सांगतो, "आज गुरुवार है भैया, मॅडम के सर्व्हर का उपवास है." सगळे हसतात. मी हसत नाही. मी वेळ लिहून ठेवते.

तू हे सगळं एका वाक्यात समजली असतीस, कारण तुझ्या हॉस्पिटलच्या औषध भांडारात तू हेच करायचीस. दर तीन महिन्यांनी खिडकी बंद, बाहेर पाटी, आत मोजणी. मी बारा वर्षांची असेन. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि तात्यापाऱ्यातल्या घरून तुझा डबा घेऊन मी रिक्षाने आले होते. बाहेर ही मोठी रांग. लोक पाटीवर हात आपटत होते. मी तुला विचारलं, खिडकी उघडी ठेवून मोजता येत नाही का? तू मांडणीवरून नजर न काढता म्हणालीस, "इकडून मी मोजून राहिली अन् तिकडून कोणी नेऊन राहिलं, तर मी मोजलं काय? कालचं का आजचं?" एवढं बोलून तू पुढच्या खणाकडे गेलीस. पुढे कॉलेजात हाच मुद्दा शिकवायला सरांनी दोन तास घेतले.

त्याच दुपारी बाजूच्या दारापाशी एक बाई आली. गुढियारीहून चालत आले म्हणाली, नवऱ्याला ताप होता, चिठ्ठी हातात होती. तू आतल्या खोलीत होतीस. मी मोजून झालेल्या मांडणीवरून तापाच्या गोळ्यांची एक पट्टी काढली आणि तिला दिली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जीयत रह बेटी." मग तू बाहेर येतेस, कागदाशी ताळा लावतेस, एक पट्टी कमी. तू पुन्हा मोजतेस. पुन्हा एक कमी. "काय करून राहिली मी आज," असं स्वतःशीच म्हणतेस आणि तिसऱ्यांदा पूर्ण खण रिकामा करतेस. मी स्टुलावर बसून बघते आहे. बाहेर रांग तशीच. खिडकी त्या दिवशी दीड तास उशिरा उघडली. कागदावर तू एक पट्टी कमी असं लिहून खाली तुझी सही केलीस, आणि त्याबद्दल तुला लेखी खुलासा द्यावा लागला.

मी तुला सांगितलं ते चार दिवसांनी. स्वयंपाकघरात तू मेथी निवडत होतीस आणि मी ओट्याला टेकून उभी होते. तू ओरडली नाहीस. जुडी खाली ठेवलीस. "तुले दया आली, बरं झालं. मले सांगितलं असतं तर मीच दिली असती अन् एक कमी लिहून टाकलं असतं. पण तू काढली अन् चूप बसली. मी तीनदा मोजलं, लोक उन्हात उभे. काहून नाही सांगितलं?"

"डर लग रहा था," मी म्हणाले.

"कायचा डर?"

मी ओट्यावर पडलेल्या काड्या गोळा करायला लागले. तू पुन्हा विचारलं नाहीस, जुडी उचललीस आणि मेथी निवडायला लागलीस.

एकतीस टक्के.

आता मी केलेलं सांगते. दीड महिन्यापूर्वीच्या गुरुवारी मी बॅकअप सुरू करणार, इतक्यात गेटवरचे भैया माझ्या दारात आले. पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गाड्यांची नोंद तेच करतात. त्या दिवशी मुख्य रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या आणि पोलीस येऊन बोलून गेले होते. "मॅडम, आज बस मोर गेट ला चालू रहन दव. गाडी मन सडक तक ठाढे हें." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी फक्त गेटचा संगणक चालू ठेवला आणि बाकी सगळे बंद केले. प्रोग्रॅमनं इशारा दिला की एक जण अजून आत आहे. मी तो इशारा बंद करून पुढे गेले. गाड्या सुटल्या. संध्याकाळी मी निघाले तेव्हा भैयांनी गेटवरची साखळी खाली घेतली, मला थांबू दिलं नाही आणि म्हणाले, "बने करेस दीदी." छान केलंस, दीदी. तोवर मी तिथे पाच वर्षं काम करत होते आणि सगळ्यांची मॅडम होते.

पुढच्या गुरुवारी रस्ता मोकळा होता. मी तरीही गेट चालू ठेवलं. त्यानंतरच्याही. एकूण सहा गुरुवार. दर वेळी मालकांना मेल पाठवला की फुल बॅकअप यशस्वी. सहाही वेळा ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे कंपनीत फक्त मला कळू शकत होतं.

सोमवारी सर्व्हरच्या डिस्कनं खराब होत असल्याची सूचना दिली. मंगळवारी मी गेल्या गुरुवारची नक्कल एका रिकाम्या मशीनवर उघडून पाहिली. उघडली. पण तिच्यात अकरा गाड्या गेटबाहेर गेलेल्या दिसतात, ज्यांची बिल्टीच नाही. बिल्ट्यांची नक्कल आधी झाली होती, गेटची दोन तासांनी. मधल्या वेळात हाताने लिहिलेल्या कच्च्या बिल्ट्यांवर गाड्या सुटत होत्या आणि गेटवर त्यांची नोंद होत होती. आधीच्या पाचही उघडल्या. कुठे सात, कुठे चौदा. ती डिस्क बंद पडली असती, तर आमच्याकडे दीड महिन्याचं एकही धड चित्र उरलं नसतं.

काल मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. दसरा चार दिवसांवर आला आहे, यार्डात पाय ठेवायला जागा नाही. मी म्हणाले, उद्या पूर्ण बंद लागेल, गेटसकट.

"दशहरा निकल जाने दो. फिर जितना बंद करना है, करो."

"डिस्क तब तक रुकेगी, ये मैं नहीं बोल सकती, सेठजी."

"पर हर हफ्ते का बॅकअप तो है ना?"

मी सांगितलं की सहा आठवड्यांचे भरवशाचे नाहीत, कारण गेट चालू होतं. त्यांनी चष्मा काढला. "गेट क्यों चालू था?"

"गेट से रिक्वेस्ट आई थी," मी म्हणाले.

आई, हे वाक्य सहातल्या एका गुरुवारपुरतं खरं आहे. मी ते नेमकं निवडलं. मालकांनी तिथल्या तिथे गेटला फोन लावला, स्पीकरवर, आणि माझ्यासमोर त्या माणसाला जे बोलायचं ते बोलले. मागे इंजिनांचा आवाज होता, म्हणजे आजूबाजूला ड्रायव्हर उभे असणार. उद्यापासून गोदामावर जा, गेटवर दुसरा माणूस येईल, असंही म्हणाले. मी वाट बघत होते की भैया म्हणतील, मी तर एकदाच विचारलं होतं. ते म्हणाले, "गलती हो गे, सेठजी." मी उभीच होते. मालकांनी मला बसायला सांगितलं आणि मी बसले.

सत्तावन्न टक्के. खिडकीतून यार्ड दिसतं. नवा माणूस संध्याकाळी येणार आहे, म्हणून आजची दुपार भैयाच गेटवर आहेत. हातात पॅड, कार्बन लावून गाडी नंबर लिहितायत, आणि प्रत्येक ड्रायव्हरला काहीतरी समजावून सांगतायत. सकाळी मी आत येताना त्यांनी साखळी खाली घेतली. "नमस्ते, मॅडम."

मध्ये दोनदा या फाइलवरून उठले. एकदा पाणी प्यायले, एकदा नुसतीच कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आले. केबिनचं दार तिथेच आहे. आत मालक एकटेच होते, फोनवरही नव्हते. काय बोलायचं ते मला पाठ आहे. भैयांनी एकदा विचारलं, पाच वेळा मी स्वतःहून गेट चालू ठेवलं. हिंदीतलं साधं वाक्य आहे. ते बोलल्यानं माझी नोकरी बहुधा जाणार नाही. दुसरा कुणी हा सर्व्हर ओळखत नाही, हे मालकांना माहीत आहे. भैयांच्या जागी दुसरा माणूस एका फोनवर मिळाला.

आणि स्वतःहून का ठेवलं, त्याला तांत्रिक कारण नाही. भैया मला दीदी म्हणत होते, म्हणून. दुसऱ्या गुरुवारी गेट बंद केलं असतं तर पुन्हा मॅडम झाले असते, असं वाटलं. आज गेट चालू हवं का, हे त्यांना विचारून पाहायचंही सुचलं नाही.

अठ्ठ्याण्णव टक्के. नंतर पडताळणी, वीस मिनिटं, ती आपोआप होते. आजची नक्कल स्वच्छ असेल, कारण आज आत कुणी नाही. हे पत्र तुला पोचणार नाही हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. केबिन माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर आहे, आणि मी अडीच तास तुलाच लिहीत बसले, कारण तू मला पुन्हा विचारणार नाहीस.