बियांचं रुखवत

॥ श्री कुलस्वामी प्रसन्न ॥

मी, प्रतिभा खंडेराव जेजुरकर, वय वर्षे बावन्न, शिक्षण चौथी, धंदा भाजीपाल्याचा मळा, राहणार मखमलाबाद, तालुका जिल्हा नाशिक, माझ्या पश्चात काय कोणाला द्यायचं ते लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, पोट नाही. पोटातल्या गाठीचं डॉक्टर जे बोलले ते मला एकदा ऐकून कळलं. हर्षलने, म्हणजे माझ्या मुलाने, त्यांना तीनदा विचारलं. उत्तर तेच आलं. मी हे कोणाच्या दबावाखाली किंवा नशापाणी करून लिहीत नाही. नशा म्हणजे चहा, तोही आता पोटात राहत नाही.

शेजारचे गायधनी काका, निवृत्त पोस्टमास्तर, यांनी नमुना आणून दिला. माझ्या चुका तेच दुरुस्त करतात. दुसऱ्याच पानावर म्हणाले, "प्रतिभाबाई, मृत्युपत्रात एवढं घरगुती लिहीत नाहीत." मी म्हटलं, "काका, मरायचं मला आहे. तुम्ही वेलांट्या बघा."

कलम १. राहतं घर आणि मळा माझे यजमान कै. खंडेराव (आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो) यांच्या मागे माझ्या नावावर झाला. तो मुलगी शुभांगी आणि मुलगा हर्षल यांना निम्मा निम्मा. शुभांगी येवल्याला दिली आहे. ती हिस्सा मागायची नाही, मी तिला ओळखते. पण न मागणारीला द्यायचं नाही असं कुठे लिहिलं आहे? मळा हर्षलने करावा. विहिरीकडच्या बांधावरचं सीताफळ तोडू नये. का तोडू नये ते पुढे येईल.

कलम २. माझ्या सासूबाई रंगूबाई हयात आहेत आणि माझ्यानंतरही राहतील, त्यांची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. त्यांना शेवटपर्यंत पुढची खोली द्यावी. त्या डाळीच्या डब्यामागे गूळ लपवून खातात. आपल्याला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नये. मी बावीस वर्षं कळू दिलं नाही.

कलम ३. बँकेतलं जे असेल त्यातून आधी दवाखान्याचं भागवावं, उरेल ते शुभांगीच्या मुलाच्या, स्वराजच्या नावाने ठेवावं. माझ्या दिवसकार्याला मांडव घालू नये. गावजेवण घालू नये. जिवंतपणी ज्यांनी माझा डबा खाल्ला त्यांना पुरे झालं.

कलम ४. टेम्पो, तागडी, फवारणीचा पंप हर्षलला. टेम्पोचा उजवा आरसा बदल म्हणून दोन वर्षं सांगते आहे. आता मृत्युपत्रात लिहिलं, आता तरी बदल.

कलम ५. नणंद चिमणाबाई यांना माझी जांभळी साडी. त्यांचा तिच्यावर डोळा आहे. त्यांनी मला एक वाक्य ऐकवलं होतं, ते पुढच्या कलमात येईल. तरी साडी रागाने देत नाही. त्या बोलल्या, त्यांचा तो स्वभाव. मी ऐकलं, ती चूक माझी.

कलम ६. माळ्यावर एक खोकं आहे, फटाक्यांचं, वरून सुतळीने बांधलेलं. त्यात शुभांगीचं रुखवत आहे. हे कलम लिहायचं म्हणूनच बाकीची पाच लिहिली.

शुभांगी दुसरीत होती. बाजारात न खपलेला भोपळा घरी आला, तो मी कापला आणि बिया उकिरड्यावर टाकायला निघाले. ही मागून म्हणाली, "आई, टाकू नको, ह्यांच्या पाकळ्या होतील." झाल्या. पांढऱ्या पाकळ्या, मधे हळद लावलेला एक मक्याचा दाणा. दारावर चिकटवलं ते फूल. तात्या मार्केटवरून आले आणि दारातच उभे राहिले. आत यायला तयार नाहीत. म्हणाले, "दार उघडलं तर फूल हलंल."

तिथून ते सुरू झालं. मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की दुपारी दोन ते चार आम्ही चौघं ओसरीवर. भोपळ्याच्या बिया पांढऱ्या, टरबुजाच्या काळ्या, सीताफळाच्या चकचकीत. ते झाड त्यासाठी ठेवायचं. खळ मी गव्हाच्या पिठाची करायची. आम्ही बियांचं तुळशीवृंदावन केलं, पोपट केले, सुपारीची सप्तपदी केली. हत्ती केला त्याचा एक पाय हर्षलने खाल्ला, कारण पाय भोपळ्याच्या बियांचा होता आणि त्याला भूक लागली होती. शुभांगी त्याच्यामागे मळाभर पळाली, "थांब, तुझ्या पोटातून काढते पाय!" तात्या हसून हसून खाली बसले. दिवसभर त्यांच्या तोंडून चार शब्द निघायचे नाहीत, त्या माणसाचं हसणं मी त्या ओसरीवर ऐकलं. मी तर भांडकुदळ म्हणून गावात प्रसिद्ध. पण त्या दोन तासांत मी कोणावर ओरडल्याचं मला आठवत नाही.

तात्यांनी बांबूच्या कामट्या तासून एक पालखी केली, वीतभर. तिला चारी बाजूंनी टरबुजाच्या बियांची झालर लावायची ठरली. टरबुजाची बी वाळली की सुईखाली फुटते. ती फळातून काढल्याबरोबर, ओली असतानाच ओवावी लागते. एकट्याचं काम नाही ते. एकाने बी टोचायची, दुसऱ्याने दोरा ताणून धरायचा. दोन बाजू झाल्या आणि तात्या गेले. फवारणी करून आले, पाणी मागितलं, मी आणेपर्यंत गेले. झालर तशीच अर्धी राहिली. शुभांगी म्हणाली, "माझ्या लग्नात अशीच मांडायची, आई. अर्धीच."

दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं. मुलगा राज, येवल्याचा, घरचं पैठणीचं दुकान. माणसं चांगली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात चिमणाबाई आल्या, खोक्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "प्रतिभे, हे मांडती का काय? पैठणीवाली माणसं हायेत ती. म्हणतील, भाजीवाल्याची लेक निघाली, संगं उरलेली भाजी घेऊन निघाली."

मी त्यांना दोन शिव्या घालायला हव्या होत्या. घातल्या नाहीत. कोणाला न सांगता पंचवटीतून थर्माकोलचा महाल भाड्याने आणला. त्यात दिवे लागायचे, मधे कारंजं उडायचं. लग्नाच्या दिवशी खोकं टेम्पोत होतं, शुभांगीनेच ठेवायला लावलं होतं. टेम्पो हॉलच्या मागे उभा होता. बाकीचं सामान उतरवलं आणि खोक्यावर मी ताडपत्री टाकली. माझ्या हाताने टाकली.

विहीणबाई महाल बघून म्हणाल्या, "हे सगळं घरी केलंत?" मी म्हटलं, "हो, घरीच." चार महिन्यांनी चिमणाबाईंना तोच महाल विंचूरच्या एका लग्नात दिसला आणि त्यांनी फोन करून सांगितलं, "प्रतिभे, तुझा महाल फिरायला निघालाय गं!" ते हसण्यावारी गेलं. दुसरं गेलं नाही. ते आता लिहिते.

मुहूर्ताला अर्धा तास होता. शुभांगी नेसलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, रुखवतापाशी आली. पालखी शोधायला लागली. हर्षलला हाक मारली, "हर्ष्या, खोकं कुठंय? जा, आण पटकन, वेळ आहे अजून." हर्षलने माझ्याकडे बघितलं. त्याला ताडपत्रीचं माहीत होतं. मी मान हलवली, नको म्हणून. आणि तो, चोवीस वर्षांचा माझा मुलगा, बहिणीला म्हणाला, "ताई, मळ्यातच राहिलं. विसरलो मी."

तिने त्याच्याकडे बघितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणं माझ्याकडून आलेलं आहे, ते लवकर उतरतं. ती हळू म्हणाली, "तात्यांना घरी विसरून आलास."

नवरदेवाचा कान पिळायचा मान भावाचा. कानपिळीच्या वेळी गुरुजींनी भावाला बोलावलं तर तिने चुलतभावाला पुढे केलं. हर्षल नवा शर्ट घालून खांबाला टेकून उभा होता. मी ते बघितलं आणि तरी तोंड उघडलं नाही. पाठवणीच्या वेळी तिने मला कानात विचारलं, "आई, खरंच राहिलं?" मी म्हटलं, "राहिलं."

त्याला सहा वर्षं झाली. ती येते, पण हर्षल मार्केटला गेलेला असताना येते. भाऊबीज नाही, राखी नाही. मी खोकं न्यायला सांगितलं तर म्हणाली, "आता नको. वेळ गेली." मी तीनदा सांगायला बसले. तिन्ही वेळा मधेच भलत्यावरून भांडण काढलं आणि ती उठून गेली. खरं बोलताना माझं तोंड असं वाकडं चालतं. हर्षलला म्हटलं, तू सांगून टाक. तो म्हणाला, "तुझं तू सांग. मी सांगितलं तर तिला आई पण राहणार नाही." आणि पुन्हा वांग्याच्या जाळ्या भरायला गेला.

म्हणून इथे लिहून देते, पूर्ण शुद्धीत. खोकं राहिलं नव्हतं. मी ठेवलं होतं. हर्षल विसरला नव्हता. त्याने माझी लाज स्वतःच्या अंगावर घेतली आणि सहा वर्षं वागवली. मला माझ्याच हातच्या कामाची लाज वाटली, तुझी नाही, शुभांगी. पण तुला ते वेगळं कसं दिसणार.

खोकं शुभांगीला. माझ्या तेराव्याला ते रुखवत ओसरीवर मांडावं, माझ्या फोटोला हार घालू नये. पुढे पाटी ठेवावी: हे घरी केलं. लग्नाला आलेल्या सगळ्यांना बोलवावं, चिमणाबाईंना पुढे बसवावं. खोक्यात दर वर्षी मी कडुलिंबाचा पाला घालते, कीड लागलेली नाही. हत्तीला तीनच पाय आहेत, तो दोष जुना.

कलम ७. हे कलम दोन दिवसांनी लिहिते आहे.

कलम ६ वाचून गायधनी काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाई, हे तुमच्या मागे उघडलं जाणार. तिने काही विचारायचं म्हटलं तर कोणाला विचारायचं?" मला आधी राग आला. वेलांट्या बघायला सांगितलं तर माणूस अर्थ बघायला लागला. पण मग मी कलम ६ वेगळ्या कागदावर उतरून काढलं आणि काल सकाळी हर्षलला ठक्कर बाजारच्या स्टँडवरून येवल्याच्या एसटीत बसवलं. टेम्पो नेऊ नको म्हटलं. ज्या टेम्पोत मी खोकं झाकलं, त्यातूनच हा कागद त्या घरी जावा, हे मलाच कसंतरी वाटत होतं.

संध्याकाळी तो परत आला. डावा कान लालभडक. मी विचारलं, "काय झालं रे?"

"ताईनं दारात उभ्या उभ्या वाचलं. मग माझा कान पिळला. लय जोरात."

"काही बोलली?"

"म्हणाली, सहा वर्षं गप कसा बसलास रे गाढवा. मग आत गेली. लय वेळ बाहेर आली नाय. स्वराजनं मला त्याची चित्रं दाखवली."

"आणि माझ्याबद्दल?"

हर्षलने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "हे दिलं. म्हणाली, ओल्या आहेत, सांग."

डब्यात ओलं फडकं होतं आणि फडक्यात टरबुजाच्या बिया. नुकत्या फळातून काढलेल्या, गर लागलेल्या. चिठ्ठी नव्हती, मी फडकं उलटं करून बघितलं. मला माफ केलं का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. पण वाळलेल्या बिया ठेवण्यासाठी असतात, ओल्या ठेवता येत नाहीत. ज्याला एवढं माहीत आहे, त्याने निरोप ओळखावा.

तर दुरुस्ती अशी. रुखवत तेराव्याला मांडायचं का आधी, ते शुभांगी ठरवेल. झालरीच्या दोन बाजू बाकी आहेत. आज सकाळपासून हर्षलने दोरा धरला आहे आणि मी टोचते आहे. दर चौथी बी फुटते. एक बाजू माझ्याकडून होईल असं वाटतं. दुसरी होणार नाही, हे मला कळतं. ती बाजू मी शुभांगी आणि हर्षल या दोघांना मिळून देते. एकाने टोचावी, दुसऱ्याने धरावी. एकट्याने केलेली चालणार नाही. या मृत्युपत्रात अट म्हणून एवढी एकच आहे.

वर लिहिलेलं मी वाचून घेतलं आहे, माझंच आहे. आधीचं कुठे काही लिहिलेलं नाही, पुढे लिहायला सवड नाही. साक्षीदारांनी जास्त वेळ लावू नये, बिया सुकतात.

सही: प्रतिभा खंडेराव जेजुरकर
(शाई पसरली आहे. हात बियांच्या फडक्याने ओला होता. सही माझीच आहे.)

समक्ष साक्षीदार:
१. वेणीमाधव गायधनी, निवृत्त पोस्टमास्तर, मखमलाबाद
२. लंकाबाई तिडके, शेजारीण, मखमलाबाद (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक. आमच्या घराची ओसरी.
दिनांक: २० एप्रिल २०२५, रविवार. येवल्याची गाडी अजून यायची आहे.