धाकट्याचा नाचाचा क्लास

आई, धाकटा हल्ली मोबाईलवर नाचतो. हसू नकोस. तू गेल्यापासून माझा हा भाऊ माझ्याकडेच असतो. आता पंचेचाळिशीला टेकला, पोट सुटलं, थायरॉईडची गोळी सुरू झाली. त्याच्या तसं असण्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात, हे आपल्याला किती उशिरा कळलं! मंचरचे डॉक्टर म्हणाले, याला हलतं ठेवा. शेताला चक्कर मार म्हटलं की हा बांधावर बसकण मारतो, पण गाणं लावलं की उठतो. म्हणून माझ्या लेकीनं पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाईन क्लास शोधला. आठवड्यातून तीनदा सकाळी अकराला स्क्रीनवर पंधरा-सोळा चौकटी उघडतात. प्रत्येकीत त्याच्यासारखंच कुणीतरी मोठं माणूस, कुणी नगरचं, कुणी साताऱ्याचं, आणि सगळे मिळून घाम निघेपर्यंत नाचतात.

तिथं दर वेळी एक जण पुढारी होतो. तो करेल ते बाकीच्यांनी करायचं. गेल्या रविवारी धाकट्याची पाळी होती. जन्मात याचं कुणी ऐकलं नव्हतं, जो तो यालाच ऐकवायचा. तीन दिवस घरात दुसरा विषय नाही. आणि नेमके त्याच दिवशी लेकीला पाहायला आणे गावाहून पाहुणे येणार होते, दुपारी एकला. आले अकराला. बैठकीच्या खोलीत टीव्हीला मोबाईल जोडलेला, धाकटा मधोमध उभा, आणि दारात पाहुणे चपला काढताहेत. एवढं चांगलं स्थळ, याला बघून परत फिरलं तर?

मला पाहायला आले तो माहेरचा, पिंपरी पेंढारचा दिवस आठवला. तू त्याला स्वयंपाकघरात बसवलंस, गप्प राहावा म्हणून हातात पिठाचा गोळा दिलास आणि बाहेरून कडी घातलीस. मी म्हणाले, "राहू दे ना त्याला भाईर." तर माझ्यावरच डाफरलीस, "आधी तुजं लगीन व्हऊ दे, मग शिकव मला." मी नाव-गाव-शिक्षण सांगतेय आणि आतून थप थप थप. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, शेजारीण भाकऱ्या करतीया.

मी मोबाईल काढायला पुढं होणार, तेवढ्यात क्लासच्या बाई म्हणाल्या, "चला दादा, करा सुरू." धाकट्यानं हात पुढं केले आणि तालात भाकरी थापायला लागला. थाप, फिरव, थाप, टाक तव्यावर! सोळा चौकटींत सोळा जण भाकऱ्या थापताहेत. मग तो वळला आणि पाहुण्यांकडे बोट करून म्हणाला, "तुमी बी! बसायचं न्हाई!" मुलाचे वडील टेकले होते ते तसेच उठले. मुलाची आई मात्र कमरेवर हात ठेवून नुसती बघत होती. माझा जीव टांगणीला लागलेला. "अवं भाऊ," ती म्हणाली, "येवढ्या जोरानं थापली तर फाटंल की वो भाकर. हलक्या हातानं, आसं बघा." आणि पदर खोचून त्याच्या शेजारी उभी राहिली. आत गॅसवर पोहे करपले, पण आम्ही लई हसलो.

सोयरीक जमली. धाकटा गावभर सांगतो, मी जमवली. आणि मी चारचौघींत तोऱ्यानं सांगते, आमच्याकडं त्याला कधी कुणापासून लपवलं नाही. तुलाही तेच ऐकवायला बसले होते, त्या कडीवरून चार शब्द सुनावायला. पण खरं सांगू? क्लास लागला तेव्हा पहिला महिनाभर मी मोबाईलचा कॅमेरा बंदच ठेवला होता. आपल्या घरातलं माणूस परक्यांनी कशाला बघायचं, असं वाटलं. त्याला म्हटलं, रेंज नाही. तो बिचारा दर वेळी भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून नाचायचा आणि शेवटी सगळ्यांना टाटा करायचा. पलीकडे कुणाला काही दिसत नव्हतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला पत्र पाठवायची सोय असती, तर एवढं खोडूनच पाठवलं असतं.