भिंतीवर टांगलेली पाठ

तू छापलेला तो संशोधनाचा कागद मला तुझ्याकडून नाही, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांकडून मिळाला. जगभरच्या डॉक्टरांना तू पाठवणार, आणि आजीला मात्र परक्या माणसाने कॉम्प्युटरमधून काढून द्यायचा. अकरा नावं आहेत त्यावर. तुला वेण्या घालून शाळेत ढकलणारीचं बारावं घालायला शाई संपली होती? हे आधी बोलून घेतलं, नाहीतर घशात अडकून राहिलं असतं.

आता आशीर्वाद घे. डॉक्टरीणबाई, बरी आहेस ना? वेळेवर जेवतेस का, हे विचारत नाही, खोटं सांगशील. माझे गुडघे होते तसेच आहेत. तुझं दुकान पाठीचं, गुडघे त्यात बसत नाहीत, म्हणून तक्रार करत नाही.

तर तो कागद. मास्तर दोन दिवस चष्मा पुसत वाचत होते. त्यांनी सांगितलं ते असं, की कण्याच्या आत नसांची दोरी असते, काही लेकरांची ती आईच्या पोटातच दुभंगते आणि मध्ये हाडाचा काटा येतो. लेकरू वाढतं तशी दोरी त्या काट्याला अडकून ताणली जाते. (एवढं सांगायला तुला चौदा पानं लागली. मास्तरांना एक कप चहा पुरला.) मला आपलं तिसऱ्या पानावरचं चित्र तेवढं समजलं. एका लेकराची उघडी पाठ, कमरेपाशी केसांचा झुपका. नातीचं काम म्हणून मी ते पान काचेत बसवून तुझ्या आजोबांच्या फोटोशेजारी टांगलं. लोकांच्या भिंतीवर नातवंडं पदव्या घेऊन उभी असतात, आमच्याकडे परक्या पोराची पाठ. मीटर बघायला आलेल्या माणसाने विचारलं, "आजी, हे कोण?" म्हटलं, "नातीचं कर्तृत्व." बिचारा आकडा न लिहिताच गेला.

पण मागच्या आठवड्यात तुझ्या भावाची मुलगी (तू तिला पाहिलेलंच नाहीस; सव्वादोन वर्षांची आहे, हट्टीपणात तुझ्यावर गेलीय) त्या चित्रासमोर उभी राहिली, फ्रॉक वर केला आणि म्हणाली, "माझं." अंघोळ रोज मीच घालते गं तिला. तो झुपका रोज बघते, वर कौतुकाने कंगवा फिरवते. डावं पाऊल उजव्याहून लहान आहे, चालताना घासतं, तेही बघते. कोपऱ्यावरचे डॉक्टर मागेच म्हणाले होते, बूट बदला. तीन जोड बदलले. मग मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतलं. असा झुपका आणि लहान पाऊल म्हणजे आतल्या काट्याची बाहेरची खूण. उशीर झाला तर गेलेलं बळ बहुतेक परत येत नाही. वाक्य तुझंच ना? अकराव्या पानाच्या तळाशी दडवून ठेवलंयस.

म्हणून "बागेत नेते" असं घरात सांगून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तीन तास बाकावर. तिथल्या तरण्या डॉक्टरने विचारलं, "हा झुपका दाखवायचा असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी पिशवीतून ती भिंतीवरची चौकट काढून त्याच्या टेबलावर ठेवली. तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. तुझं वाचून परीक्षा पास झालाय म्हणे. आता पोरीला भूल देऊन मशीनमध्ये झोपवायचं आणि कण्याचे फोटो काढायचे. पुढच्या महिन्यातला पहिला मंगळवार दिलाय.

थकले बाई. उठायला, बसायला, समजावायला, सगळ्यालाच थकले. तब्येतीला जप.

तुझी आजी

ता. क. तो डॉक्टर चौकट मागत होता. दिली नाही. त्याला म्हटलं, तुझ्या आजीकडे माग.

आणखी एक ता. क. खरं काम पुढेच आहे. भूल द्यायला आईची नाहीतर बापाची सही लागते, आणि बापाला दवाखान्याचं काही माहीत नाही. मी झुपक्याचा विषय काढला की म्हणतो, चित्रं बघून म्हातारीला खूळ लागलंय. नातसून म्हणते, ते म्हणतील तसं. तुझं तर तो नावही घेत नाही. त्याच्या लग्नाच्या दिवशी तू कुठल्याशा परिषदेत लोकांना कणे दाखवत होतीस. चूक तुझी होती, हे लिहून देते. येत्या रविवारी सकाळी घरच्या फोनवर फोन कर. माफी आधी, कणा नंतर. मला उत्तर पाठवायचं नाही. फोनला मी हात लावणार नाही, नातसुनेला लावू देणार नाही. कितीही वेळ वाजला तरी ठेवू नकोस. तो त्यानेच उचलायचा.