सासूबाईंचं निरांजन आणि माझे एंजलफिश

लुडविग्सहाफेन, जर्मनी, १२ जून

तीर्थस्वरूप सासूबाईंना साष्टांग नमस्कार. (एरवी 'आई' म्हणतो, पण सध्या तेवढी हिंमत नाही.) गुडघा कसा आहे? कराडचा उकाडा कमी झाला का? स्वराली आणि मी ठीक.

पत्र आभाराचं आहे. माझी पीएचडी ज्यांच्या अंड्यांवाचून अडली होती, ते केशरी एंजलफिश तुम्हाला आठवत असतीलच. (इन्स्टिट्यूटमध्ये जागा नव्हती म्हणून ती टाकी आमच्या घरी.) आणल्या तेव्हा दोघी माद्याच होत्या, आणि त्यांतली मोठी पुढे नर झाली, हे तुम्हाला समजावताना मला घाम फुटला होता. जावयानं सासूशी बोलायचा हा विषय नव्हे. तुम्ही मात्र मेथी निवडत शांतपणे म्हणालात, "घरात कर्तं कोणी उरलं नाही की मोठीला व्हावंच लागतं. हे गेल्यावर मी नाही का छापखाना चालवला?"

तरी दीड वर्षात एक अंडं नाही. तशात तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, सोबत तुमचं निरांजन आणि धूप. पहिल्याच संध्याकाळी राउखमेल्डर, म्हणजे छतावरचा तो धुराचा भोंगा, असा कोकलला की खालच्या आजीबाई पाण्याची बादली घेऊन वर आल्या. भोंगा नसलेल्या जागा दोनच, न्हाणीघर आणि माशांची खोली. न्हाणीघरात देव कोण मांडणार? तुम्ही टाकीशेजारी मांडलेत, आणि त्या झगझगाटात ज्योत दिसेना म्हणून रोज दिवेलागणीला टाकीचा दिवा बंद करू लागलात. मला कळलं तेव्हा मी नको तेवढ्या आवाजात बोललो. तुम्ही आठ दिवस आधीच परत निघालात.

तुम्हाला विमानतळावर सोडून आलो, तर पाण्यावर बारीक पारदर्शक अंडी तरंगत होती. हे मासे सांज झाल्याशिवाय अंडी सोडत नाहीत, हे मी तीन पुस्तकांत वाचलं होतं. टाकीच्या दिव्याचा माझा टायमर मात्र भर दुपारची एका क्षणात मध्यरात्र करत होता. ज्योतीच्या मंद उजेडानं टाकीत सांज तुम्ही आणलीत. मनापासून आभार, आणि माझं चुकलं.

आपला,
हृषिकेश

ता. क. तुम्ही गेल्यापासून पुन्हा अंडी नाहीत. निरांजनात तूप किती आणि ज्योत किती मिनिटं, तेवढं कळवाल का?

ता. क. २. स्वरालीनं पत्र वाचलं. ती म्हणते मिनिटांचं काही नाही, तुम्ही शुभंकरोतीनंतर सगळी रामरक्षा म्हणूनच उठायचात. मला अर्धीच येते.

ता. क. ३. प्राध्यापकांनी विचारलं, ही पद्धत कोणाची. सासूबाईंची, म्हणालो. ते "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले आणि त्यांनी तुमचं नाव लिहून घेतलं. प्रबंधातही ते आलं आहे. ऑक्टोबरात परीक्षक प्रश्न विचारतील आणि मला उत्तरं येत नाहीत. घरात कर्तं कोणी उरलेलं नाही, आई. या.