दोन फॉर्म सोळा

१ ऑक्टोबर १९९८, गुरुवार

नव्या नोकरीत रुजू. जासईचं कंटेनर यार्ड. फोर्टात दहा हजार होते, इथे बारा. हुद्दा असिस्टंट सुपरवायझर. अकरा वर्षांची कारकुनी संपली एकदाची.

जुन्या कंपनीतला युसुफही माझ्याबरोबरच लागला. तोच हुद्दा, तोच पगार. त्याच्यासाठी मीच शब्द टाकला होता. (त्याचं म्हणणं नेमकं उलटं आहे. तो इथून जवळच्या मोरा गावचा, यार्डातली अर्धी माणसं त्याच्या ओळखीची, म्हणून त्याला तसं वाटत असावं.)

अकाउंट्सच्या जयप्रकाशने दोघांना एकेक फॉर्म दिला. एप्रिल ते सप्टेंबर जुन्या कंपनीत पगार किती, टॅक्स किती कापला, ते लिहून द्या म्हणे. युसुफने उभ्या उभ्या भरून दिला. भोळा माणूस. मी घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या घरी जेवायला गेल्यावर पहिल्या घरी किती पोळ्या खाल्ल्या ते कुणी सांगतं का? सांगितलं की वाढणारीचा हात आखडतो.

३१ ऑक्टोबर, शनिवार

पहिला पगार. टॅक्स कापला: शून्य. युसुफचा: नऊशे ऐंशी.

जयप्रकाशच्या हिशेबाने मी वर्षात सहाच महिने कमावणारा गरीब माणूस. गरीब तर गरीब. गरिबाला टॅक्स लागत नाही. युसुफला हे नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, मधुभाऊ, कागद देऊन टाका, नंतर डोक्याला ताप. मी हसलो. टॅक्स हा अभ्यासाचा विषय आहे, सगळ्यांना नाही जमत.

वाशीत उतरून नवे बूट घेतले. सहाशे पन्नास.

१६ जानेवारी १९९९, शनिवार

जयप्रकाशने पुन्हा तो कागद मागितला. हरवला म्हटलं. त्याने दुसरा दिला. तोही हरवणार. म्हणतो, साहेब, जूनमध्ये तुम्हालाच एकदम भरावा लागेल. अकाउंट्सवाल्यांना माणसं घाबरवायचा पगार मिळतो, असं माझं मत होत चाललंय.

बायकोचे, स्मिताचे, डब्यात साडेपाच हजार जमलेत. पिको-फॉलचं मशीन घ्यायचंय. सहा हजारांना मिळतं. सोसायटीतल्या बायका साड्यांना पिको करायला पार सेक्टर सतरापर्यंत जातात, त्या सगळ्या माझ्याकडे येतील म्हणते. बोर्डसुद्धा रंगवून आणलाय: स्मिता पिको-फॉल. मशीन नाही आणि बोर्ड तयार! बाजारात तुरी. हसू आलं. बोर्ड कपाटामागे ठेवलाय.

संकल्प: या वर्षी टॅक्सचा संपूर्ण अभ्यास.

२९ एप्रिल, गुरुवार

जुन्या कंपनीचा फॉर्म सोळा पोस्टाने आला. वर्षात पगार किती दिला आणि टॅक्स किती कापला त्याचा दाखला. वाचला आणि खुर्चीत बसलो.

त्यांना वाटलं होतं मी वर्षभर त्यांच्याकडेच सडणार, म्हणून तसा टॅक्स कापत राहिले. एकूण ३,४९८. मी सप्टेंबरातच सुटलो. साठ हजार पगार, वीस हजार स्टँडर्ड डिडक्शन, उरले चाळीस. पन्नासपर्यंत टॅक्सच नाही. म्हणजे सगळे पैसे परत! कागदावर स्वच्छ छापलंय, परत मिळणार: ३,४९८. शिवाय सरकार रिफंडवर व्याज देतं.

३० एप्रिल, शुक्रवार

नव्या कंपनीचाही फॉर्म सोळा मिळाला. टॅक्स शून्य, कापला शून्य. इथेही स्टँडर्ड डिडक्शन, इथेही पहिले पन्नास हजार माफ. सरकार दोनदा माफ करतंय तर नाही म्हणणारा मी कोण?

युसुफच्या कागदावर दोन्ही पगार एकत्र. द्यायचे शून्य, मिळायचे शून्य. सहा महिने कापून घेतलं आणि हाती भोपळा. त्याला कटिंग पाजला. माणुसकी म्हणून.

९ मे, रविवार

स्मिताचे सहा हजार पूर्ण झाले. उद्या मशीन आणायला जाऊ म्हणाली.

मी तिला आधी बसवलं आणि आर्थिक नियोजन समजावलं. शुक्रवारपासून वर्ल्ड कप. चौदा वर्षांच्या ब्लॅक अँड व्हाइटवर चेंडू दिसत नाही. हे सहा हजार आत्ता कलर टीव्हीला डाउन पेमेंट म्हणून, बाकीचे हप्त्याने. गणपतीच्या आत रिफंड येतो, त्यातून मशीन. पैसे तेच, वस्तू दोन.

तिने विचारलं, रिफंड किती? व्याज धरून साधारण पाच, म्हटलं. ती म्हणाली, मशीन सहाचं आहे. मग मीही सहा म्हटलं. अंदाजच आहे, त्यात घासाघीस कशाला?

तिने डब्यातून पैसे काढून दिले. म्हणाली, अहो, लग्नसराई तर गेलीच, गौरी-गणपती तरी जाऊ देऊ नका.

१२ मे, बुधवार

टीव्ही आला. वीस इंची. सोसायटीत आमच्या मजल्यावर पहिलाच. स्मिता साड्यांचे फॉल हाताने लावत होती. म्हटलं, रंग बघ. बघितले, म्हणाली.

१९ मे, बुधवार

झिंबाब्वेकडून हरलो. तीन रनांनी. रंगीत हरलो. स्मिताच्या बोटाला सुई लागली. आज सगळंच वाईट.

६ जून, रविवार

सरल फॉर्म भरला. एकच पान. लोक याला घाबरतात!

युक्ती अशी: रिटर्नला फक्त जुन्या कंपनीचा फॉर्म सोळा जोडायचा. नव्यात शून्य आहे, शून्य दाखवायला कागद कशाला वाया घालवायचा? हुद्द्याच्या जागी मात्र असिस्टंट सुपरवायझर लिहिलं, यार्डाचं नाव आणि पत्ता ठळक. सरकारलाही कळू दे आपण कुणाला पैसे परत करतोय.

स्मिताची भिशी या महिन्यात तिला लागली. साडेसहा हजार. त्यातून मशीन आणते म्हणाली. म्हटलं, थांब की, रिफंडमधून येणारच आहे, भिशीचे बँकेत टाकू. टाकले. म्हणजे आता माझ्याकडे रिफंड आणि राखीव निधी, दोन्ही.

२४ जून, गुरुवार

इन्कम टॅक्स ऑफिसात पगारदारांच्या रिटर्नसाठी वेगळा काउंटर उघडलाय. तिथे गेलो. नवे बूट घालून.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पाहिला, जोडलेला कागद पाहिला, पुन्हा फॉर्म पाहिला. विचारलं, सध्या नोकरी जासईला ना? हो म्हटलं, हुद्दाही सांगितला. त्या म्हणाल्या, मग हा दाखला फोर्टातला, सप्टेंबरपर्यंतचा. ऑक्टोबर ते मार्च घरी बसला होतात का?

मागे रांगेत पंचवीस माणसं. सगळी ऐकत होती.

दुसरा फॉर्म सोळा खिशातच होता, काढून दिला. म्हटलं, यात काही नाही हो, शून्यच आहे. त्या चिडल्या नाहीत, उलट गोडच बोलल्या. भाऊ, दोन्ही पगार एकाच माणसाचे ना? माणूस एक, सूट एक. दोन्ही पगारांची बेरीज करा, सूट एकदाच घ्या, आणि तीस तारखेच्या आत या. येताना चलन भरून या.

परत देताना फॉर्म त्यांनी हसून दिला. ते हसणं मला आवडलं नाही.

संध्याकाळी

कॅल्क्युलेटर बिघडलाय. तीनदा केलं, तीनदा तेच उत्तर. सेल बदलले. तेच.

साठ आणि बहात्तर मिळून एक लाख बत्तीस हजार. टॅक्स नऊ हजार चारशे. कापलेला ३,४९८. उरले ५,९०२. मिळायचे नाहीत, द्यायचे.

स्मिता मागे उभी राहून बघत होती, मला माहीत नव्हतं. तिने कागद घेतला, पाटावर बसून स्वतः बेरीज केली. मग म्हणाली, दोन घरी जेवलात तरी पोट एकच ना हो? ही पोळ्यांची गोष्ट मीच तिला सांगितली होती, ऑक्टोबरात, फुशारकीने.

मला लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण उद्या वाटणार नाही.

२५ जून, शुक्रवार

नाही वाटली. चूक जयप्रकाशची आहे. एवढा महत्त्वाचा कागद आणि दोनदाच मागायचा? त्याला तसं सांगितलं. त्याने खण उघडला, तिसरा कोरा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. मग व्याज मोजून दिलं. उशीर झाल्याचं. एकूण ६,४९०.

सरकार व्याज देतं हे मी वाचलं होतं. घेतं, हे त्याच पानाच्या मागे असावं.

२८ जून, सोमवार

राखीव निधी संपला. बँकेत चलन भरलं. रांगेत स्मिता बरोबर होती. भिशीच्या साडेसहा हजारांतून दहा रुपये उरले, ते तिने रुमालात बांधून घेतले. येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी समजूत घातली असती.

३० जून, बुधवार

रिटर्न भरलं. शिक्का मिळाला. मुदतीत. शिस्त म्हणतात ती ही.

११ जुलै, रविवार

टीव्ही गेला. स्मिताने परस्पर युसुफशी बोलून टाकलं. त्याच्या बायकोला, मरियमला, हवाच होता. सहा हजार रोख दिले, पुढचे हप्ते तो भरणार. एवढे रोख त्याच्याकडे आले कुठून? तर म्हणे, टॅक्स दर महिन्याला कापला जायचा, उरेल तेवढाच पगार आपला समजून खर्च केला, शिल्लक राहिली. कसला अळणी माणूस!

टेम्पोत चढवताना म्हणाला, मधुभाऊ, मॅच असली की या मोऱ्याला, कालवणभात खाऊन जा. त्याने टोमणा मारला असता तर उत्तर तयार होतं. मारला नाही.

टीव्हीच्या जागी दुपारी मशीन आलं. कपाटामागचा बोर्ड मीच ठोकला. थोडा तिरका बसलाय. स्मिताने सरळ करायला लावला.

३१ जुलै, शनिवार

पगार. दारातच स्मिताने पाकीट मागितलं, मोजलं, पाचशे बाजूला काढले आणि मगच माझा महिन्याचा खर्च हातात ठेवला. म्हणाली, तुमच्या हातात पूर्ण पगार द्यायचा नाही, हे त्या जयप्रकाशभाऊंना कळायला हवं होतं.

तेरा महिने कापणार म्हणते. मी ताबडतोब हिशेब केला: तेरा पंचे पासष्ट, म्हणजे साडेसहा हजार. माझ्याकडून येणं ६,४९०. दहा रुपये जास्त जातात, हे तिच्या लक्षात आणून दिलं.

व्याज, म्हणाली.

म्हटलं, निदान लेखी दाखला दे. पाच साड्या वाट बघत होत्या, तरी तिने नवं बिलबुक उघडलं. पहिल्याच पानावर लिहिलं. नाव: मधुकर. कापणार: स्मिता. दरमहा: पाचशे. परत मिळणार: शून्य. खाली सही, तारीख, आणि 'स्मिता पिको-फॉल'चा शिक्का.

पान फाडून माझ्या हातात दिलं आणि मशीन सुरू केलं.

हा फॉर्म मला पहिल्याच वाचनात समजला.