सात पूर्वजांतला पहिला

१२ ऑगस्ट, नारिन
फोनवर आज नातवाने, इल्गिझने, बापाला सात पूर्वजांची नावं म्हणून दाखवली; आमच्यात ती प्रत्येक पोराला पाठ हवीत. साडेतीन वर्षांचं पोर, कुठेही अडखळलं नाही. फक्त बापाच्या जागी आजोबाचं नाव — कासिमबेक. नवऱ्याने स्वतःपासूनच शिकवलेलं! पहिलं नातवंड आजीआजोबांचं, ही आमची रीत. दूध तुटल्यापासून तो आमच्याकडेच. पलीकडे लाइपझिगमध्ये एमिल, खरा बाप, ऐकत होता. मग म्हणाला, "वहिनी, ठेवतो."

वहिनी म्हणजे मी. त्याची जन्मदाती. तोही पहिलाच. सासूबाईंनी उचलून नेला, त्यांनाच आई म्हणत वाढला; म्हणजे बाप त्याचा भाऊ, नि मी वहिनी.

१३ ऑगस्ट
नवरा म्हणतो, "एमिललाही माझ्या बापाने तसंच शिकवलं. तो कुठे रुसला?"
"विचारलं होतंस?"
चहा ओतत बसला.

३० ऑगस्ट
सून आली, गुलझात — पोराला न्यायला. तिथल्या बालवाडीत मुलं आपले बूट आपण घालतात म्हणे. आमच्याकडे एका पोराच्या बुटांना तीन बायका, चौथी नावं ठेवायला. मी म्हटलं, "हा मेंढ्या ओळखतो, म्हाताऱ्यांना आधी चहा देतो. हे शिक्षण नाही?"
"आहे ना. पण तुम्हाला आई म्हणतो, मला गुलझात."
वर्तमानपत्रातल्या सदरात दर आठवड्याला अख्ख्या जिल्ह्याची सालं काढते मी. इथे मात्र उठून पोराचे बूट पुसायला घेतले.

२ सप्टेंबर
गेला.

२० सप्टेंबर
तिकडे बालवाडीत मुलाला सोडून जायचीसुद्धा तालीम असते! आधी बापाने कोपऱ्यात नुसतं बसायचं. मग जरा वेळ बाहेर. मग तासभर. एमिल रजा काढून बसतोय, पिटुकल्या खुर्चीवर. रडण्यालाही वेळापत्रक — झकास लेख होणार म्हणून लिहायला घेतला.

सासूबाई एमिलला घेऊन गेल्या तेव्हा मी भांडी घासत होते. फाटक वाजलं, एवढीच आमची तालीम.

लेख फाडला.

४ ऑक्टोबर
दुपारी फोन. मागे इल्गिझ हमसून हमसून रडतोय, एमिलचा आवाज बसलेला. "वहिनी, कशानेच झोपत नाही. तुम्ही काय गायचात?"
गायले. पोर हळूहळू निवलं, झोपलं. एमिल फोन ठेवेना.
मग म्हणाला, "आणखी एकदा म्हण ना, आई."